मेश बारीक केली आणि उत्तर ‘बिघडलं’, मग खरं कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका व्हॉल्व्ह कारखान्यात डिझाइनला नुकत्याच लागलेल्या तरुणाने ५० मिमीच्या ग्लोब व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या पाण्याचं सिम्युलेशन केलं. फ्लो तासाला २८ घनमीटर. सिम्युलेशनमध्ये पाण्याची जागा बारीक कप्प्यांत कापून गणित करतात; कप्पा म्हणजे सेल, सगळ्या कप्प्यांची जाळी म्हणजे मेश. २ लाख सेलच्या मेशवर प्रेशर ड्रॉप, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक, आला ०.८१२ बार, आणि टेस्ट बेंचवर मोजलेला होता ०.८० बार. दीड टक्क्याचा फरक, सगळे खूश. मग त्याने हौसेने मेश प्रत्येक दिशेला दुप्पट बारीक केली: १६ लाख सेल, ०.७६४ बार. पुन्हा दुप्पट केली: १ कोटी २८ लाख सेल. शुक्रवारी संध्याकाळी लावलेला रन सोमवारी सकाळी संपला, आणि उत्तर आलं ०.७४८. म्हणजे फरक दीड टक्क्यावरून साडेचार आणि तिथून साडेसहा टक्क्यांवर गेला. साहेब म्हणतात, पहिलाच आकडा रिपोर्टात घाल, उगाच मशीन कशाला अडवून ठेवतोस. आणि हा विचारतो, ‘सर, मेश बारीक केल्यावर अचूकता वाढायला हवी ना? माझी कमी का होतेय? आणि आकडा कुठला देऊ?’

आधी ते ‘सर’ सोडा. बडोद्यात माझ्या वयाच्या माणसाला काका म्हणतात, तेच बरं. दुसरं म्हणजे तुमची अचूकता कमी झालेली नाही. तुमचे तीन आकडे चांगले आहेत; इतके नीट वागणारे आकडे मला स्वतःला दहा कामांत दोनदा मिळतात. घोळ आकड्यांत नाही, ‘अचूकता’ या शब्दात आहे. तुम्ही बेंचशी असलेल्या फरकाला अचूकता म्हणताय. तो फरक म्हणजे निदान चार चुकांची बेरीज-वजाबाकी आहे: मेशची चूक, टर्ब्युलन्स मॉडेलची (पाण्याच्या खळबळीसाठी घेतलेल्या अंदाजी समीकरणांची) चूक, इनलेटला, म्हणजे पाणी आत येतं तिथे, दिलेल्या आकड्यांची चूक आणि बेंचची स्वतःची चूक. यातल्या एकमेकींच्या उलट दिशेच्या असतील तर बेरीज शून्याच्या जवळ येते आणि साहेब खूश होतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, तसलं ते.

आमच्या धंद्यात या दोन गोष्टींना वेगळी नावं आहेत, आणि ती वेगळी ठेवण्यातच निम्मं शहाणपण आहे. व्हेरिफिकेशन म्हणजे हाती घेतलेली समीकरणं आपण बरोबर सोडवतोय का हे बघणं. व्हॅलिडेशन म्हणजे मुळात बरोबर समीकरणं हाती घेतलीत का हे बघणं. पहिल्यासाठी बेंचची गरजच नाही, ते गणिताचं काम. दुसऱ्याला बेंच लागतो, पण पहिलं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. तुम्ही, खरं तर तुमच्या साहेबांनी, पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारली.

तर पहिली पायरी तुमच्याच आकड्यांवर करून बघू. ०.८१२ वरून ०.७६४, फरक ०.०४८. ०.७६४ वरून ०.७४८, फरक ०.०१६. सेलची लांबी निम्मी केल्यावर फरक तिपटीने कमी झाला. तुमची स्कीम, म्हणजे शेजारच्या सेलमधले आकडे जोडायची पद्धत, सेकंड ऑर्डरची असेल तर तो आदर्श परिस्थितीत चौपट कमी व्हायला हवा होता, फर्स्ट ऑर्डरची असेल तर दुप्पट. तिप्पट म्हणजे ऑर्डर साधारण १.६. व्हॉल्व्हसारख्या वेड्यावाकड्या आकारात, कोपऱ्यांवर थोडी खराब मेश असताना, हे छान आहे. आता असंच बारीक करत अनंतापर्यंत गेलो तर उत्तर कुठे स्थिरावेल? पुढचे फरक ०.०१६ चा तिसरा भाग, त्याचा तिसरा भाग असे येत जातील. त्यांची बेरीज ०.०१६ भागिले २, म्हणजे ०.००८. तेव्हा मेशची चूक काढून टाकल्यावर तुमच्या मॉडेलचं उत्तर आहे ०.७४ च्या आसपास. बेंचचा आकडा काहीही असो, तुमचं सॉफ्टवेअर तुमच्या सेटिंगवर तिकडेच चाललंय.

ही युक्ती लुईस फ्राय रिचर्डसनची, १९११ साली छापून आलेल्या निबंधातली. तिथे प्रश्न दगडी धरणातल्या ताणाचा होता. पुढे १९९४ मध्ये रोच यांनी तिच्यावरून ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स, म्हणजे मेशमुळे येणाऱ्या अनिश्चिततेचं माप, बांधला, जो आज सगळे वापरतात: निघालेल्या चुकीला तीन मेश असतील तर १.२५ ने गुणा, दोनच असतील तर ३ ने. तुमच्या बाबतीत सर्वांत बारीक मेशवर हे येतं १.३ टक्के, म्हणजे ०.७४८ च्या दोन्ही बाजूंना ०.०१ बार. आणि तुमचा तो लाडका पहिला आकडा, ०.८१२? त्याच्यात मेशचीच चूक जवळजवळ दहा टक्के आहे. दहा टक्के चुकलेला आकडा बेंचशी दीड टक्क्यात जुळला, याचा अर्थ आनंद करण्यासारखा नाही, शोध घेण्यासारखा आहे.

ही चूक कुठून येते ते समजून घ्या, कारण मेनूतल्या एका ओळीवर ती अवलंबून असते. कुठली स्कीम लावलीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. फर्स्ट ऑर्डर अपविंड, म्हणजे प्रवाह जिकडून येतो तिकडच्या सेलचाच आकडा उचलणारी साधी स्कीम, लावली असेल तर ती गुपचूप पाण्याचा चिकटपणा वाढवते. किती, तर साधारण वेग गुणिले सेलची लांबी भागिले दोन. तुमच्या पाइपमध्ये वेग सेकंदाला ४ मीटर, २ लाखांच्या मेशमध्ये सेल साधारण २ मिमीचा. गुणाकार करा: ०.००४. पाण्याची खरी काइनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणाचं माप, ०.०००००१. म्हणजे ४००० पट. टर्ब्युलन्समुळे येणारी एडी व्हिस्कॉसिटी (भोवऱ्यांमुळे वाढणारा चिकटपणा) जमेस धरली तरी हा खोटा चिकटपणा तिच्या तोडीस तोड बसतो. तुम्ही व्हॉल्व्हमधून पाणी नाही, काकवी सोडलीत. अशाने प्रेशर ड्रॉप बहुतेकदा जास्त दिसतो. काही वेळा मात्र उलटही होतं, कारण सीटच्या (प्लग जिथे टेकून व्हॉल्व्ह बंद होतो त्या कडेच्या) मागे सुटणारा भोवराच पुसला जातो. म्हणून ‘कोर्स (जाड) मेश म्हणजे सेफ साइड’ असं कुणी म्हटलं तर हात जोडा आणि पुढे चला. तुमची ऑर्डर १.६ आली आहे, म्हणजे बहुधा मोमेंटमच्या (वेगाच्या) समीकरणाला सेकंड ऑर्डर आहे, पण एकदा उघडून बघाच. काही ठिकाणी टर्ब्युलन्सच्या समीकरणांना डिफॉल्टने फर्स्ट ऑर्डर लागलेली असते.

आता जरा थंड पाणी. हा हिशेब कधी खरा, हे परिस्थितीवर आहे. मेश सगळीकडे सारख्या प्रमाणात बारीक झालेली असली पाहिजे. फक्त सीटजवळ बारीक करून बाकी तशीच ठेवली असेल तर वरचं गणित विसरा. ऑर्डर चुकून ४ आली किंवा ०.३ आली, तर खूश होऊ नका नि रडूही नका. मेश अजून त्या हिशेबाच्या पट्ट्यात आलेली नाही एवढंच. आणि सगळ्यांत जास्त माणसं जिथे घसरतात ती जागा भिंतीजवळची. वॉल फंक्शन, म्हणजे भिंतीलगतचा प्रवाह न सोडवता तयार सूत्राने भरणं, लावलं असेल तर पहिल्या सेलचा वाय-प्लस (भिंतीपासूनच्या अंतराचं एककरहित माप) ३० च्या वर राहायला हवा. तुमच्या पहिल्या मेशमध्ये तो ४० असेल, तर दुसरीत २० आणि तिसरीत १० झाला. म्हणजे ५ ते ३० च्या मधल्या त्या अडनिड्या थरात तुम्ही शिरलात, जिथे ना वॉल फंक्शन खरं ना थेट सोडवणं खरं. तसं झालं असेल तर तुमच्या तीन मेश म्हणजे तीन वेगवेगळी मॉडेलं आहेत आणि त्यांची तुलना व्यर्थ. एकतर पहिला थर तिन्ही मेशमध्ये तेवढ्याच जाडीचा ठेवून बाकीची मेश बारीक करा, नाहीतर वाय-प्लस १ वर उतरा आणि तसं चालणारं टर्ब्युलन्स मॉडेल घ्या. तुमचे आकडे ज्या शिस्तीत चाललेत त्यावरून हा घोटाळा झालेला दिसत नाही, पण वाय-प्लसचं रंगीत चित्र काढून बघायला दोन मिनिटं लागतात.

रेसिड्युअलबद्दल, म्हणजे समीकरणात अजून न जुळलेल्या बाकीबद्दल, एकच सांगतो. ते हजारांशापर्यंत उतरले म्हणजे ‘कन्व्हर्ज झालं’, असं तुम्हाला कुणी तरी सांगितलं असणार. रेसिड्युअल फक्त एवढंच सांगतात की सॉल्व्हर या मेशवरच्या उत्तरापाशी पोचतोय. मेशवरचं उत्तर खरं आहे की नाही, याचा त्यांना पत्ता नसतो. प्रेशर ड्रॉपचाच ग्राफ लावा आणि तो चौथ्या आकड्यापर्यंत हलायचा थांबेपर्यंत चालू द्या. तुम्ही ०.०१६ च्या फरकावर गणित करताय. तो स्वतःच ०.००५ ने डोलत असेल तर काय उपयोग?

आता बेंच. तुमचा प्रश्न वाचून मी पहिली गोष्ट विचारली ती म्हणजे गेज कुठले. तुम्ही फोटो पाठवलात, बरं केलंत. दोन बोर्डन (सुईवाले) गेज, शून्य ते १० बार, क्लास १. सुई थरथरतेय आणि डायलवर सर्वांत लहान खूण ०.२ बारची आहे. क्लास १ म्हणजे पूर्ण पल्ल्याच्या १ टक्का चूक चालते, म्हणजे प्रत्येक गेजला ०.१ बार. दोन गेजच्या वाचनाची वजाबाकी करून तुम्ही ०.८० काढलेत, तेव्हा दोन चुकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं तरी ०.१४ बार होतात, आणि नशीब खराब असेल तर ०.२. त्यात फ्लो. प्रेशर ड्रॉप फ्लोच्या वर्गाने बदलतो, म्हणून फ्लोमीटर २ टक्के चुकला की ड्रॉप ४ टक्के चुकला, इथे ०.०३ बार. शिवाय फोटोत एक गेज दुसऱ्यापेक्षा वितभर उंच दिसतोय. पाण्याचा १० सेंटीमीटरचा स्तंभ म्हणजे ०.०१ बार, तुमच्या मेशची सगळी चूक तेवढीच आहे! आपल्याकडे टेस्टिंगला माणूस म्हणतो ‘चालशे’, आणि पुष्कळ कामांना ते चालतंही. व्हॉल्व्ह गळतोय की नाही, तर हे गेज उत्तम आहेत. पण याच्याशी सिम्युलेशन दीड टक्क्यात जुळलं म्हणणं म्हणजे भाजीच्या तराजूवर सोनं तोलणं.

तर खरं चित्र असं आहे. सिम्युलेशन म्हणतंय ०.७४८, अधिक-उणे ०.०१. बेंच म्हणतोय ०.८०, अधिक-उणे ०.१४. दोघांतला फरक ०.०५. हा फरक बेंचच्या पट्ट्यात आरामात मावतो, म्हणून त्यावरून मॉडेल चांगलं असंही ठरत नाही आणि वाईट असंही नाही. अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचं २००९ चं मानक हीच गोष्ट नीट सूत्रात मांडतं: मेशची, इनपुटची आणि मोजणीची अनिश्चितता वर्ग करून मिळवा, वर्गमूळ काढा, फरक त्याच्या आत असेल तर मॉडेलबद्दल बोलायचा अधिकार तुम्हाला अजून मिळालेला नाही.

इनपुटची चूक काय करते याचं उदाहरण त्याच रिचर्डसनचं. १९२२ साली त्याने हवामानाचा पहिला आकडेमोडी अंदाज प्रसिद्ध केला, २० मे १९१० या दिवसाचा, सगळा हाताने केलेला. उत्तर आलं की सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल. प्रत्यक्षात दाब जवळजवळ जागचा हलला नव्हता. पुढच्या लोकांनी तपासलं तेव्हा दिसलं की गोम सुरुवातीला भरलेल्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या आकड्यांत होती. ते एकमेकांशी समतोलात नव्हते. अचूकतेची युक्ती देणारा माणूसच असा फसला, तर इनलेटला सरसकट सपाट वेग देऊन मोकळे होणारे आपण कोण?

मी हे शहाणपण फुकट नाही शिकलो. वीसएक वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात होतो, नाव जाऊ द्या. ८० मिमीचा चेक व्हॉल्व्ह, फर्स्ट ऑर्डर, जाड मेश, बेंचशी अगदी मस्त मेळ. चित्र रंगीत, ग्राहकाला दाखवलं, टाळ्या. तीच सेटिंग उचलून १५० मिमीच्या व्हॉल्व्हला लावली आणि आकडा देऊन टाकला. ग्राहकाने त्यावर पंप निवडला. व्हॉल्व्ह बसल्यावर प्रत्यक्ष ड्रॉप आमच्या आकड्यापेक्षा पुष्कळच कमी निघाला, पंप विनाकारण मोठा झाला होता, आणि मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी मागे गेलो. ८० मिमीला सेकंड ऑर्डर लावून मेश बारीक केली, आणि तुमच्यासारखंच झालं: मेळ तुटला, सिम्युलेशन बेंचच्या खाली गेलं. आठवडाभर मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. शेवटी बेंच खोलला, तर फ्लँजमधली रबरी गॅस्केट एका बाजूने नखाएवढी आत बोअरमध्ये आली होती. तिच्यामुळे बेंच जास्त ड्रॉप दाखवत होता, माझ्या खोट्या चिकटपणामुळे सिम्युलेशन जास्त दाखवत होतं, आणि दोन चुका गळ्यात गळे घालून उभ्या होत्या. १५० मिमीला गॅस्केट नीट कापलेली होती.

तेव्हापासून माझ्याकडे नवीन येणाऱ्या मुलामुलींना व्हॉल्व्हला हात लावू देत नाही. पहिले दोन दिवस जुने, उत्तर माहीत असलेले प्रश्न. सरळ पाइपमधला लॅमिनार (संथ, थराथराने जाणारा) प्रवाह: फ्रिक्शन फॅक्टर (घर्षणाचं माप) ६४ भागिले रेनॉल्ड्स नंबर (वेगाचा जोर चिकटपणाच्या किती पट ते), पेन्सिलीने निघतो, न जुळायला सबबच नाही. मग चौकोनी डबा, ज्याचं झाकण सरकतंय. घिया, घिया आणि शिन यांचे १९८२ चे तक्ते त्यासाठी जगभर वापरतात. रेनॉल्ड्स नंबर १०० ला उभ्या मध्यरेषेवर उलटा वेग सर्वांत जास्त कुठे, तर तळापासून ०.४५३१ उंचीवर, आणि किती, तर झाकणाच्या वेगाच्या ०.२१०९. मुलांना मी २० गुणिले २० ची मेश फर्स्ट ऑर्डरने चालवायला लावतो. भोवरा दिसतो, चित्र सुंदर येतं, आणि तो आकडा ठळकपणे कमी येतो. मग ४०, ८०, १६०, आणि तीच मेश सेकंड ऑर्डरने. चूक किती वेगाने आटते याचा कागदावर स्वतः काढलेला ग्राफ भिंतीला लावायचा. ज्याने तो एकदा काढला त्याला नंतर कुणी ‘मेश इंडिपेंडन्स केलाय का’, म्हणजे मेश बदलली तरी उत्तर हलत नाही ना, असं मोघम विचारलं तर हसू येतं. स्वतःचा कोड लिहिणाऱ्यांना मी अजून एक काम देतो: मनाला येईल ते उत्तर आधी ठरवा, ते समीकरणात घाला, उरलेली बाकी सोर्स (जादा पद) म्हणून द्या, आणि कोडने तेच उत्तर ठरलेल्या ऑर्डरने परत काढलं पाहिजे. कोडमधली उण्याची चूक यात लपू शकत नाही.

तिसरा प्रश्न पायरीवरून उतरणारा टर्ब्युलंट प्रवाह, आणि तो मुद्दाम शेवटी. ड्रायव्हर आणि सीगमिलर यांनी १९८५ मध्ये मोजलं की पायरीमागे सुटलेला प्रवाह पायरीच्या उंचीच्या ६.२६ पट अंतरावर पुन्हा भिंतीला टेकतो. साधं के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्स मॉडेल लावलं की तो बराच अलीकडे टेकतो, आणि मेश कितीही बारीक केली तरी तिथेच राहतो. ही मॉडेलची चूक, पैसे आणि मशीन ओतून न जाणारी. तुमच्या ग्लोब व्हॉल्व्हमध्ये सीटच्या मागे असाच सुटलेला प्रवाह आहे, म्हणून ०.७४ हे ‘समीकरणांचं’ उत्तर आहे, पाण्याचं असेलच असं नाही. दुसरं एखादं मॉडेल, मी के-ओमेगा एसएसटी घेईन, त्याच मेशवर चालवून बघा. दोन मॉडेलांतलं अंतर ०.०१ पेक्षा बरंच मोठं आलं, तर चौथी मेश बनवण्यात अर्थ नाही.

एकाच आकड्याचा मेळ किती पोकळ असतो ते आपल्याला बडोद्याच्या विश्वामित्री नदीने शिकवायला हवं होतं. पुराचं एखादं मॉडेल काळ्या घोड्याजवळच्या पुलावरची पातळी बरोबर सांगेल, आणि तरी कुठल्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी शिरणार ते साफ चुकेल. प्रेशर ड्रॉप जुळला तरी आत भोवरा कुठे आहे ते जुळलेलं नसतं. तुम्हाला पुढे कॅव्हिटेशन (दाब फार उतरल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे होणं) बघायचं असेल तर हे फार महत्त्वाचं. नुसता ड्रॉप हवा असेल तर तितकं नाही.

आणि शेवटी सगळं काम कशासाठी यावर येतं. दोन प्लग डिझाइनमध्ये कुठलं सरस एवढंच ठरवायचं असेल, तर १६ लाखांची मेश पुरे; दोन्हींना तीच मेश, तीच सेटिंग, मग चुका बऱ्याचशा सारख्या पडतात आणि फरक बऱ्यापैकी खरा असतो. फक्त तो फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल तर त्यावर पैज लावू नका. कॅटलॉगमध्ये आकडा छापायचा असेल तर बारीक मेश, दोन मॉडेलं आणि चांगला बेंच, तिन्ही हवेत. साहेबांना रिपोर्टात असं वाक्य द्या: ‘तीन मेशवरून प्रेशर ड्रॉप ०.७४८ बार, मेशमुळे अनिश्चितता १.३ टक्के, सध्याच्या गेजने केलेली मोजणी ०.८० बार, अनिश्चितता ०.१४ बार, तुलना निर्णायक नाही.’ ते कपाळाला आठ्या घालतील. मग सांगा की शून्य ते १ बारचा एक डिफरन्शियल प्रेशर ट्रान्समीटर घेतला तर वजाबाकीच करावी लागणार नाही, उंचीची भानगड मिटेल आणि मोजणीची चूक एका फटक्यात कितीतरी खाली येईल. तीन दिवस अडलेल्या मशीनपेक्षा तो खर्च त्यांना लवकर पटेल.

ट्रान्समीटर येईपर्यंत एक टेप घेऊन बेंचपाशी जा. कंट्रोल व्हॉल्व्हच्या टेस्टला टॅपिंग, म्हणजे दाब मोजायची भोकं, व्हॉल्व्हच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दुप्पट आणि नंतर सहापट अंतरावर घेतात. तुमच्या पाइपला म्हणजे १०० आणि ३०० मिमी. फोटोत मागचं टॅपिंग फ्लँजला जवळजवळ चिकटलेलं दिसतंय. तिथे दाब अजून सावरलेला नसतो, म्हणून ड्रॉप खरोखरीपेक्षा जास्त वाचला जातो, आणि तुमचा बेंच सिम्युलेशनच्या वरच आहे. सिम्युलेशनमध्ये तुम्ही मागचा दाब कुठल्या प्लेनवर घेतलात, तेही लिहून कळवा.